फझ पेडलची निवड आणि भावोजींचा डावा हात

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. लेक आणि नातू दोघंही सुखरूप असल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. बाळाचा आवाज तीन घरं पलीकडे जातो म्हणतेस, ते उत्तमच. आपल्या घराण्यात एकाचा तरी आवाज लोकांपर्यंत पोचतोय. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही ठणठणीत. तू परत येईपर्यंत भावोजी जेवायला आमच्याकडेच आहेत, तेव्हा त्यांची काळजी नको. (दोनदा वाढून घेतात आणि वर भूक नाही म्हणतात.)

आमच्या बँडमध्ये जे घडलं ते भावोजींनी तुला फोनवर सांगितलंच असेल. ती त्यांची बाजू. ते कीबोर्ड वाजवतात, म्हणजे या प्रकरणात ते आरोपीच आहेत. माझी बाजू तुला नीट लेखी असावी म्हणून हा प्रपंच.

तुला माहीत आहे, अठरा वर्षं आम्ही चौघं दर बुधवारी संध्याकाळी टायरवाल्याच्या दुकानामागच्या गोदामात जमतो. मास्तर गातात, टायरवाला ड्रम बडवतो, भावोजी कीबोर्डवर आणि मी बेस गिटारवर. येत्या रविवारी वाचनालयाच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनात आमचा कार्यक्रम आहे. तर गेल्या महिन्यात मास्तरांनी चष्मा पुसत पुसत (मीच करून दिलेला चष्मा) असं काढलं, की स्टेज लहान आहे, तुमचा बेस तसाही ऐकू येत नाही, आणि खालचे सूर भावोजींचा डावा हात वाजवतोच आहे. मग चौथा माणूस कशाला? टायरवाला छताकडे बघत बसला. मी वरवर हसलो, पण ताई, खोटं कशाला सांगू, मनाला फार लागलं. अठरा वर्षं उभा राहून वाजवलं आणि माझी जागा एका डाव्या हाताने घ्यावी? मी सांगून टाकलं, मला तीन बुधवार द्या. तिसऱ्या बुधवारी डावा हात मांडीवर ठेवा, आणि मग ऐकू आलो नाही तर मी आपणहून खाली प्रेक्षकांत बसेन. ठरलं.

आता उपाय माझ्याकडे तयार होता, तो म्हणजे फझ पेडल. ही एक लोखंडी डबी असते. गिटारची वायर तिच्यात घालायची, पायाने बटण दाबायचं, लाल दिवा लागतो आणि आवाज मुद्दाम फाटतो, मिक्सरमध्ये कोरडी डाळ फिरवल्यासारखा. (आमची ही म्हणाली, मग मिक्सरच घेऊन जा. तिच्याशी मी दोन दिवस या विषयावर बोललो नाही.) पहिलं पेडल मी रंगावरून घेतलं, हे कबूल करतो. हिरवंगार होतं. माझ्या दुकानातच लावून पाहिलं तर कपाटातल्या चष्म्यांच्या फ्रेमा थरथरल्या, दोन गिऱ्हाइकं मधूनच उठून गेली. मी म्हटलं, झालं काम. पण बुधवारी गोदामात ड्रम सुरू झाले आणि मी बटण दाबलं, तर माझ्या बेसमधला बेसच गेला. खालचा घुमणारा भाग गायब, उरली नुसती एका माशीची भुणभुण. एकट्याने वाजवून पेडल निवडायचं नसतं, चौघांत वाजवून निवडायचं असतं, ही अक्कल मला तिथे आली. भावोजींनी लगेच डावा हात खाली घातला आणि गाणं सावरलं. मला त्यांचा इतका राग आला होता की घरी जाताना मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चाललो.

पण मी हार मानणाऱ्यातला नाही. बावीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवून, भिंग बदलत, ‘हे स्पष्ट की आधीचं?’ असं विचारून मी अख्ख्या गावाचे नंबर काढले आहेत. स्वतःचं पेडल निघणार नाही? दुसऱ्या आठवड्यात वाद्यांच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराला शास्त्र समजावलं. मी पाठ फिरवून वाजवणार, त्याने मागे पेडलं बदलायची आणि विचारायचं, हे बरं की आधीचं? बिचाऱ्याने अकरा पेडलं मांडली. (पाचव्यानंतर तो बदलायचं सोडून चहा पीत होता असं नंतर समजलं. मी तेवढ्यात तीनदा ‘आता मोकळं झालं’ म्हणालो होतो. पण कान तापायला वेळ लागतोच.) शेवटी सापडलं. काळं, जड, आणि त्यावर एक बटण जास्त, ज्याने फाटक्या आवाजात गिटारचा मूळ स्वच्छ आवाज हवा तेवढा मिसळता येतो. म्हणजे वरून खरखर आणि खालून घुमणं, दोन्ही शाबूत. घरी तीन दिवस खपून सगळी बटणं जुळवली आणि भिंगावर खुणा करायच्या पेनाने प्रत्येकाशेजारी पांढरा ठिपका दिला. पिशवीत मऊ कापडात गुंडाळून नेलं, तान्ह्या बाळाला नेतात तसं.

आणि काल तिसरा बुधवार. भावोजी टायरांच्या थप्पीमागे बसले होते, मला त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. ताई, काय सांगू! पायाखालची फरशी हलत होती. खालचे सूर असे गोल, भरीव, वेळेवर! (थोडे जास्तच वेळेवर, पण आत्मविश्वास आला की माणूस सुधारतो.) टायरवाला पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. गाणं संपल्यावर मास्तर उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, आज ऐकू आलात. पत्रिकेवर चौघांची नावं छापायला गेली. मला भरून आलं.

सगळ्यांना आशीर्वाद, बाळाचा पापा.

तुझा धाकटा

ता. क. फोन करशील तेव्हा भावोजींना प्रेमाने सांग, की रविवारी डावा हात खिशात ठेवला तरी चालेल. त्यांना वाईट वाटू देऊ नकोस, पण आता गरज नाही.

ता. क. दुसरा, शुक्रवार सकाळ. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं हे देवाचे उपकार. आत्ता हिला ऐकवायला म्हणून पेडल काढलं, चष्मा लावला (बुधवारी जवळचा चष्मा दुकानातच राहिला होता), आणि बघतो तर आवाजाचं बटण शून्यावर. पांढरा ठिपका एकीकडे, काटा दुसरीकडे. पिशवीत कोंबताना फिरलं असणार. म्हणजे लाल दिवा लागल्यापासून दीड तास माझ्या गिटारमधून चकार शब्द निघाला नव्हता, आणि खोलीभर घुमणारा तो आवाज मी आपला समजून मान डोलावत होतो. उठताना भावोजी डावं मनगट चोळत होते. मला वाटलं, वय झालं.

तेव्हा वरचा ताजा कलम रद्द समज. मी आता बटणावर चिकटपट्टी लावली आहे आणि या वेळी खरंच ऐकू येईन, खात्री आहे. तरी तू त्यांना सांग, रविवारी डावा हात असू दे. मला कळलंय हे मात्र सांगू नकोस. परवा गोदामापासून घरापर्यंत पेडल कसं निवडावं हे मी त्यांना समजावत होतो, आणि ते दर कोपऱ्यावर म्हणत होते, ‘हो, फरक पडलाच.’