बजरंगने एक्क्याने मारलेली दश्शी

मी, कान्हू सोपान आगिवले, वय सव्वीस, शिक्षण सातवी (आठवीचं दप्तर घेतलं होतं, वापरलं नाही), राहणार ठाकरवाडी, पवनानगरच्या वर, ता. मावळ, सध्या लडाखच्या वाटेवर बोगद्याच्या कामाला. गेल्या सोमवारी माझ्यापासून चार हातांवर बोगद्याचं छत खाली आलं. मी वाचलो, मशीन गेलं. म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, प्यालेलो नाही, कोणी बळंच लिहायला बसवलेलं नाही.

१. वाडीतल्या घरातला माझा हिस्सा आणि बँकेत असेल ते आई सरुबाई हिचं. तिने त्यातलं काही देवळाच्या कळसाला देऊ नये. कळसवाले वर्गणी मागायला वाडीत पहिले येतात आणि पंगतीत आपल्याला शेवटी बसवतात.

२. गमबूट आणि हेल्मेट मेसवाल्या कोंडाजीला. गमबूट त्याला लहान होतील. तरी घालेल आणि मला शिव्या देईल.

३. लोणावळ्याच्या राजेश्वरीबाईंनी वारताना मला ठेवलेलं ब्रिजचं टेबल माझा चुलतभाऊ बजरंग याला. राग अजून आहे, तरी लिहितो.

बाईंच्या बंगल्यात मी वरकाम करायचो, बजरंग माळी होता. त्यांच्या चौकडीतली दोन माणसं कमी झाली तेव्हा त्यांनी आम्हाला बसवलं. मला म्हणाल्या, "कान्हू, तुझं डोकं शांत बसत नाही, त्याला कामाला लाव." सहा वर्षं शिकवलं. बजरंग सगळं शिकला, एक सोडून. आमच्या वाडीत पोरगं मेंढीकोट खेळतच मोठं होतं. मेंढी म्हणजे दश्शी. ज्याने जास्त दश्श्या पकडल्या तो जिंकला. ब्रिजमध्ये दश्शीला असा काही मान नाही. हे त्याला मी शंभरदा सांगितलं. मान हलवायचा आणि दश्शी दिसली की झडप घालायचा.

दोन वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या स्पर्धेत शेवटचा डाव. समोरच्यांचा करार चार इस्पिकचा, म्हणजे इस्पिक हुकूम आणि त्यांना दहा हात करायचे होते. आम्ही चार केले की ते बुडाले. पहिली उतारी माझी. मी लहान चौकट काढली. डमीतून, म्हणजे उघड्या मांडलेल्या पत्त्यांतून, दश्शी आली. बजरंगकडे चौकटीचा एक्का आणि गुलाम दोन्ही. दश्शीला गुलाम पुरत होता. एक्का डमीतल्या राजासाठी राखायचा. याने एक्क्याने दश्शी मारली! राजा मोकळा झाला, त्याच्यावर समोरच्याने बदामाचं हरणारं पान टाकून दिलं आणि दहावा हात केला.

"अरे, गुलाम हातात होता ना तुझ्या!" मी भर हॉलमध्ये ओरडलो.

"मेंढी व्हती," बजरंग म्हणाला. "मेंढी कशी सोडू?"

"हे मेंढीकोट न्हाई, माठ्या! जा, खुरपं धर जा!"

लोक हसले. बजरंगने पत्ते जुळवून खाली ठेवले, बाहेर गेला आणि पवनानगरची जीप धरली. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. मी पण फोन केला नाही. चूक त्याची, फोन मी का करू?

४. उतारीची माझी वही पण बजरंगला. राजा-राणी जोडीने असतील तर राजा काढावा, तिसऱ्याने मोठं खेळावं पण गरजेपुरतंच, असं बाईंनी सांगितलेलं सगळं त्यात आहे. शेवटच्या पानावर तो डाव आहे. सोमवारनंतर काम बंद होतं, म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बावन्न पानं मांडून बघितली. त्याची चूक पक्की करायला बसलो होतो.

बोलीत बजरंग बदाम बोलला होता. भिडू बोलला तो रंग काढावा, हे वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. माझ्याकडे दोन बदाम होते. काढला असता तर डमीतला बदामाचा राजा बजरंगच्या एक्का-राणीच्या तावडीत होता. दोन हात तिथे, तिसरा बदाम मी हुकमाने मारला असता आणि चौथा हात चौकटीचा एक्का. मग त्याने दश्शी एक्क्याने मारली असती नाहीतर मुसळाने, करार बुडालाच होता.

मी बदाम काढला नाही, कारण मला वाटलं, याला काय कळतंय, उगीच बोलला असेल. सहा वर्षं समोर बसून मी त्याचं बोलणं धरलंच नाही. दश्शीने दुसरी चूक केली, पहिली माझ्या उतारीने.

५. वरची सगळी कलमं माझ्यामागे लागू व्हावीत. कलम चार आजपासून लागू. डंपरवाला विकास उद्या सुट्टीवर कामशेतला निघालाय, वही आणि या कागदाची नक्कल तो बजरंगच्या हातात देईल. जानेवारीत लोणावळ्याची स्पर्धा आहे, मी गावी असेन. नावं द्यायची मुदत पंधरा डिसेंबर. माझ्या अर्जावर भिडूच्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं ते बजरंगने ठरवावं. मेंढी दिसली तर मी ओरडणार नाही असं मात्र लिहून देत नाही.

सही: कान्हू सोपान आगिवले

साक्षीदार:
१. विकास, डंपर ड्रायव्हर, मूळ कामशेत. वही ताब्यात मिळाली.
२. कोंडाजी, मेस. करणारा शुद्धीत आहे, फक्त चिडलेला आहे. गमबूट आत्ताच घालून बघितले, लहानच होतात.

बोगद्याची छावणी, दि. ८ नोव्हेंबर २०२४