टॅबला न बोलता आलेलं वाक्य

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. पत्रबित्र लिहायचं मनात नव्हतं. पण काल तुमचा टॅब हातात घेतला. तुमच्या धुळ्याच्या डॉक्टरांकडे एक काका येतात, त्यांचंही तुमच्यासारखंच घशाचं ऑपरेशन झालंय. टॅब त्यांना द्यायचा ठरवला होता. म्हटलं, आधी आतलं सगळं पुसून टाकू. पुसता आलं नाही, नाना.

दोंडाईच्याच्या मार्केटात मिरचीचे लिलाव पुकारणारा माणूस तुम्ही! तुमचा आवाज पार गेटबाहेरच्या टपरीवर ऐकू जायचा. स्वरयंत्र काढलं आणि तुम्ही चमच्यानं स्टीलचा पेला वाजवून आईला हाक मारायला लागलात. मला ते ऐकवेना. म्हणून लिहिलेलं वाचून दाखवणारं अ‍ॅप शोधायला घेतलं. इथे जळगावात बसून, ऑफिसचं काम करावं तसं.

आठवतं का पहिलं अ‍ॅप? रेंज गेली की मुकं. दुसरं 'मला पाणी' म्हणायचं, मग जाहिरात लागायची, आणि ती संपली की 'दे'. तिसऱ्याला मराठी येतच नव्हती, ते सगळं हिंदीच्या चालीत वाचायचं. शेवटी चौथं सापडलं. मोठी अक्षरं, नेटशिवाय चालणारं, बाईचा स्वच्छ आवाज. घरी घेऊन आले आणि किती मिरवलं मी ते!

पहिलंच वाक्य तुम्ही आईसाठी लिहिलंत. 'काय करी ऱ्हायनी वं?' काय करतेयस गं, एवढंच. मार्केटातून घरी आलात की रोज दारातूनच विचारायचात तसं. टॅब 'करी'पर्यंत आला आणि अडखळला. 'ऱ्हायनी'ची त्यानं अक्षरं सुटी केली.

आणि मी काय म्हणाले? "नाना, शुद्ध लिहा ना. मग बघा कसं छान बोलतं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग ते पुसून पुन्हा लिहिलंत. टॅब म्हणाला, "तू काय करत आहेस?"

आईचे हात पिठाचे होते. तिनं कोपरानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "काही नाही, स्वयंपाक करते आहे." कुणी परकं माणूस घरात आल्यासारखं! एवढ्या वर्षांच्या संसारात ती तुमच्याशी असं कधी बोलली होती का? आणि मी टाळ्या वाजवल्या, नाना.

एकदा तरी चिडायचं होतं माझ्यावर! पण माझ्यावर तुम्ही कधी चिडला नाहीत. माझ्याशी बोलतानासुद्धा जपून, ऑफिसातली मराठी बोलायचात. पोरीला शाळेत कुणी हसायला नको म्हणून. घरातली भाषा तुम्ही दोघांनी तुमच्यापुरतीच ठेवलीत. ती मला दिली असती, तर त्या दिवशी मला कळलं नसतं का?

पुढे तुम्ही टॅबवर 'पाणी', 'लाईट बंद', 'बरं' एवढंच लिहायचात. मी सगळ्यांना सांगत फिरले, "एवढं चांगलं अ‍ॅप शोधून दिलं, पण नानांना बोलायचंच नाही."

काल अ‍ॅपमध्ये जुन्या वाक्यांची यादी उघडली. 'पाणी' आणि 'बरं' यांच्या मध्येमध्ये तेच एक वाक्य. 'करी रायनी'. 'करी राह्यनी'. 'करी ऱ्हाइनी'. 'करी रा यनी'. खाली सरकवत गेले, संपेचना. सगळ्या दुपारच्या वेळा, आई भाजी आणायला बाहेर पडायची तेव्हाच्या. आई घरी नसताना तुम्ही एकटे बसून टॅबमधल्या त्या बाईला तुमचं बोलणं शिकवत होतात? मला एक फोन... पण फोनवर तुम्ही काय बोलणार होतात!

शेवटची तारीख तुम्हाला दवाखान्यात हलवलं त्याच्या आदल्या दिवसाची आहे.

मी एक वाक्य दाबलं. रेल्वे स्टेशनवर गाडीची सूचना देतात तसा तो आवाज आला. आई आतून बाहेर आली. ती आता माझ्याकडेच आहे. "कोण बोललं?" तिनं विचारलं. मी तिला सगळी यादी दाखवली. ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवत राहिली. मग मला म्हणाली, "तू म्हण."

मी म्हटलं. "तसं नाही," आई म्हणाली. "'वं' लांबवायचे ते." मी परत म्हटलं. ती खिडकीकडे पाहत राहिली. मला वाटलं, ऐकलंच नाही.

"काही नही," ती हळूच म्हणाली. "बशेल शे."

बसलेय नुसती. माझ्याशी ती आजवर कधीच त्या भाषेत बोलली नव्हती, नाना. तिचं उत्तर मला नव्हतंच, तुम्हाला होतं. ऑपरेशनपासून राहिलेलं.

ती यादी मी वहीत उतरवून घेतली आहे. टॅब सोमवारी त्या काकांना देईन. पण त्यांच्या घरात कसं बोलतात ते आधी विचारीन, आणि त्यांना शुद्ध लिहा असं कधीच म्हणणार नाही.

आणि ऑफिसातून आले की रोज दारातूनच आईला विचारीन, काय करी ऱ्हायनी वं. तुमच्यासारखं येणार नाही. आई चूक काढील. काढू दे. तेवढं तरी ती बोलेल.

तुमची,
वैशाली