सखूच्या बाह्या

२५ मार्च १९३५, सोमवार
आज शेडवर पुन्हा एकीचा हात भाजला. हे तिथे मुकादम, तेव्हा रोज जेवताना कुणाचा तरी हात ऐकावा लागतो. काजूबिया कढईत भाजताना टरफलातलं तेल उडतं आणि कातडी सोलून काढतं. बायका राख चोळतात नि पुन्हा ढवळायला बसतात. हे म्हणाले, "तू बाह्या शिवशील काय गो? जाड कापडाच्या, दंडापर्यंत." शिवीन म्हटलं. आईने दिलेली हातमशीन गंजत पडली आहे. निदान काही विचारलं तरी ह्यांनी, बरं वाटलं.

२७ मार्च
शेजारच्या खतीजाभाभीने जुनं शीड दिलं. सुई मोडते, पण कापड दणकट. मापांचं असं ठरलं: हे प्रत्येकीकडून सुतळी आणणार. पहिली गाठ दंडाच्या घेराची, दुसरी मनगटाच्या, उरेल ती लांबी.

२९ मार्च
सुतळ्या आल्या. काळ्या, तेलकट. सगळ्यांचा मनगटाचा घेर मोठा, कारण माप बांगड्यांवरून घेतलेलं. एकीचाच लहान. नुसतं मनगट. म्हणजे विधवा. विचारलं तर म्हणाले, "ती सखू. घरवाला गेल्या साली होडीबरोबर बुडाला. बिचारी."
मला कधी म्हणाले नाहीत बिचारी. पाळणा हलला नाही म्हणून गाव म्हणतं, ते निराळं.
आणि आणखी एक. बाकीच्या सुतळ्यांना साध्या गाठी. हिच्या सुतळीला दुहेरी, आवळून, टोक आत खोचलेलं. आंब्याची पेटी बांधताना हे अशीच मारतात.

३० मार्च
विचारलंच. "सखूच्या सुतळीच्या गाठी तुम्ही मारल्यात?"
"मग? बोटांना फोड आलेत तिच्या. ती कशी मारणार?"
खरं असेल. पण गाठ मारायची तर सुतळी हाताभोवती धरावी लागते. दंडाभोवतीसुद्धा. एवढ्या बाया आहेत तिथे, एकीला सांगता आलं नाही?
आजपासून ह्या वहीत तिचं नाव लिहायचं नाही. नुसतं स.

४ एप्रिल, पाडवा
गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला, तोंड आधीच कडू होतं. बाकीच्यांच्या बाह्या झाल्या, स.च्या राहिल्यात. तिची सुतळी माझ्या दंडाला लावून बघितली. पुरली नाही. कितीतरी कमी पडली. मेली काडी आहे काडी. खतीजाभाभी दारातून बघत होती. "काय गो, सुतळीशी भांडतेस?" हसले. हसू कसलं.
आमच्यात विधवेचा पाट लावतात. तिच्यातही. आत्याची सवत अशीच आली होती. आधी नुसती बिचारी, मग परसात खोपटं, मग ओटीवर, मग चुलीशी. आत्या शेवटी संगमेश्वरला माहेरी येऊन राहिली ती राहिलीच.

६ एप्रिल
शिवल्या. तिची सुतळी खुंटीला टांगली आणि माझ्या दंडाच्या मापाने कापड कापलं, वर आणखी दोन बोटं सैल. मनगट तेवढं तिच्या गाठीवर ठेवलं, बटणाचं, नाहीतर ह्यांच्या लगेच लक्षात आलं असतं. घसरू देत. लोंबू देत. चारचौघींत बुजगावणं दिसू दे.
वाईट वाटलं का? नाही. छान झोप लागली.

१२ एप्रिल
काय झालं ते नीट लिहिते. आज कढई भडकली. तेल दोघींच्या अंगावर उडालं, तानीच्या आणि स.च्या. दोघींच्या बाह्यांवरून तेल आत शिरलं. तानीची बाही मापाची, घट्ट. हाताला चिकटली, कापून काढावी लागली, सोबत कातडी आली. स.ने बटण काढून बाही झटकली. हात शाबूत.
हे आनंदाने सांगत होते. "सगळ्या म्हणतात, आमास्नी सखूच्या बाह्यांसारख्या सैल पाहिजेत. तुला सुचलं कसं गो?"
सुचलं, म्हटलं.
पाठीवरून हात फिरवला ह्यांनी. किती दिवसांनी. तोसुद्धा कुणापायी, तर तिच्या! आणि नाव काय पडलं? सखूच्या बाह्या. शीड भाभीचं, मशीन आईची, हात माझे, नाव तिचं. (लिहायचं नव्हतं, लिहावं लागलं.)
तानीचा हात. तो मापाने, नीट मन लावून शिवला होता मी, आणि

१३ एप्रिल
तानीला खोबरेल आणि लापशी देऊन आले. ती मलाच म्हणते, "तुमी कशाला आलाव उन्हाचं." तिथे बसवेना.

१८ एप्रिल
आता सगळ्यांच्या सैल करायच्या. ह्यांना म्हटलं, मापं मीच घेते, तुम्ही सुतळीला हात लावू नका. शेडवर गेले. धुराने डोळे चुरचुरले. हातखंब्याकडून बियांच्या गाड्या आल्या होत्या, हे दाराशी पोती मोजून घेत होते, पाठ आमच्याकडे.
स. दिसली. काळीसावळी, पुढचे दात थोडे बाहेर. देखणी असती तर निदान समजलं असतं. आता काय समजायचं? हात कोपरापासून खाली डागांनी भरलेले.
"वयनी, तुमच्यामुळं ऱ्हायला हात माजा," म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. मला ते बघवलं नाही, रागच आला. दंडाची गाठ मारली. मनगटाला सुतळी धरली तशी हात थोडा मागे घेऊन हळूच म्हणाली, "हिथं जरा ढिली धरा. बांगड्यांपुरती जागा ठेवा."
"कुणाच्या नावाच्या?"
"अजून बोलणं व्हायचं हाय." लाजली. कढईकडे बघत राहिली.
मी बांगड्यांपुरती जागा सोडून गाठ मारली.

२१ एप्रिल
काल भाभीने सांगितलं, आरे-वाऱ्याकडचा एक गाडीवान आहे, बिया घेऊन येतो, तो म्हणे स.ला मागणी घालणार. इतकं हलकं वाटलं! भाभीला गुळाचा चहा केला, दोनदा दिला. मग विचारलं, तुला कुणी सांगितलं? तिच्या घरच्यांनी. त्यांना कुणी? "तुझ्याच घरवाल्याने."
चहा निवून गेला माझा.

२४ एप्रिल
हे घाईत आहेत. "सखूच्या नव्या बाह्या अक्षयतृतीयेच्या आत दे हो."
"आतच का?"
"काम वाढलंय." आणि गेले बाहेर. बाकीच्यांच्या बाह्यांना घाई नाही. काम काय तिच्या एकटीचंच वाढलं?
सरळ विचारायचं ठरवते. तांदूळ निवडताना ठरवते, पाणी ओढताना ठरवते. समोर आले की "ताक घेता का?" एवढंच येतं तोंडातून.

२९ एप्रिल
दोन्ही सुतळ्या मशीनवर ठेवल्या. जुनी, ह्यांच्या गाठीची. नवी, माझ्या गाठीची. दंड सैलच धरला, त्यात आता खोटेपणा करणार नाही, तानीचा हात बघून आलेय मी. मनगट मात्र जुन्या गाठीवर कापलं, बांगड्यांना जागा न सोडता.
एक बाही झाली. हातात घालून बघितली. बटण लागेना. माझ्या बांगड्या आडव्या आल्या.
दुसरी मशीनवर आहे, मनगटाकडे अजून कापायची.
हे अंगणातून विचारतायत, "झाल्या काय गो?"
म्हटलं, एक झाली.