शून्य चुकांची फिरती ढाल

३ जून
आजपासून मी हॉस्पिटलचा सुरक्षा अधिकारी. पहिला आदेश काढला: चूक झाली तर बेधडक सांगा, कोणी ओरडणार नाही. स्वतःचा मोठेपणा पाहून गहिवरून आलं.

४ जून
हाडांच्या वॉर्डातल्या सिस्टर आल्या. दोन पेशंटच्या गोळ्यांची अदलाबदल झाली होती, पण वेळीच लक्षात आली म्हणाल्या. मी ओरडलो नाही. फक्त आवाज चढला. खाली कँटीनपर्यंत ऐकू गेला म्हणे. लोकांना तिखटमीठ लावायची खोडच असते.

१० जून
झकास कल्पना! सगळ्यांत कमी चुका कळवणाऱ्या वॉर्डला फिरती ढाल. तपासणी समितीच्या हस्ते. समिती खूश झाली की उपसंचालकपद माझ्या खिशात.

१८ जून
चमत्कार! आठवडाभर एकही चूक नाही. बायको म्हणाली, चुका थांबल्या की सांगणं थांबलं? ती शाळेत शिकवते. वर्ग चिडीचूप झाला की ती आधी मागचा बाक बघते म्हणे. तिला मॅनेजमेंटमधलं काय कळणार?

२४ जून, दुपार
ओल्या फरशीवर सपशेल आडवा झालो. ‘फरशी ओली आहे’ ही पाटी मीच काढायला लावली होती. उद्या समिती येणार, बरं दिसत नाही. उजव्या मनगटाला बारीक तडा. हाडांच्या वॉर्डात भरती. इंजेक्शनची गुंगी चढत होती, तरी दुखरा हात पोटाशी धरून, डावा हात नाचवत प्लास्टरवाल्याला निर्भय वातावरणाचं महत्त्व समजावलं. तो काहीतरी विचारायला बघत होता. मध्ये बोलू नकोस म्हटलं. गुणी माणूस, गप्प बसला.

२५ जून
जाग आल्यावर बोंब मारली. सिस्टर धावत आल्या. नवीन प्लास्टर लगेच घालता येईल, पण चूक कळवावी लागेल आणि ढाल जाईल, म्हणाल्या. कळवू का साहेब, असं अगदी अदबीने विचारलं. हसत होत्या असं वाटलं. दुखण्यात भास होतात. समिती जिन्यापर्यंत आली होती. मी म्हटलं, ते जाईपर्यंत थांबा.

समितीने विचारलं, उपचार कसे आहेत? मी म्हटलं, आदर्श. टाळ्या झाल्या. समितीचं जेवण अजून चाललंय.

अक्षर फार वाईट येतंय. मोडलेल्या हाताने लिहितोय. चांगला हात प्लास्टरमध्ये आहे.