घासलेटची बाटली

चिंचवड. गुरुवार, पौष, १९५४. दिवेलागण.

आज दवाखान्यात कसा वागलो मी. दवाखाना फुकट, आम्ही सगळे हौसेने राबणारे. औषधाला बाटली मात्र रोग्याने घरून आणायची. काळेवाडीची एक बाई तापलेली लेक कडेवर घेऊन आली. तिच्या बाटलीला घासलेटचा वास येत होता. सगळ्यांदेखत म्हणालो, "यात औषध द्यायचं? दुसरी घेऊन ये."

बाई गेली आणि उन्हातून परत आली. तीच बाटली, राखेने घासून लख्ख केलेली.

"यातलं घासलेट काय केलं?"

"शेजारणीच्या दिव्यात ओतलं, दादा. घरात बाटली एकच हाय, तिचाच दिवा करतो."

माझ्या पाठीमागे फळीवर रिकाम्या बाटल्या होत्या. ओळखीचं कुणी विसरून आलं तर असाव्यात म्हणून ठेवलेल्या. तेव्हा आठवल्या नाहीत का? आठवल्या होत्या.

आताच कंदिलात घासलेट भरलं. हाताचा वास जात नाही. बाटलीवर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून मीच तिला बजावलं होतं, दिवेलागणीला एकच मात्रा, खूण नीट बघून.

कशाच्या उजेडात बघत असेल?