थुंकी नव्हे, कफ

धाकट्या,

तुला आशीर्वाद, आणि सोबत एक हुकूम.

मला क्षय झाला आहे, म्हणून हे पत्र. काळजी करू नकोस. इथल्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात आणि सहा महिन्यांत मी ठणठणीत होणार आहे.

तपासणीला दिलेली माझी पहिली डबी नर्सने परत केली. "बाई, ही थुंकी झाली. मला छातीतला कफ हवाय. शिकलेली माणसंच हा घोळ घालतात!" बायकोला सांग, पोट धरून हसेल.

मे महिन्यात तुमच्याकडे राहिले तेव्हा तुझी छकुली माझ्याच कुशीत झोपायची. तिचं वजन वाढतंय ना? खोकत नाही ना? खरं ते लिही.

तुम्हा तिघांना तपासायला आरोग्यसेविका दारात येईल. "आमच्या घरात असलं काही नाही," असं म्हणून तिला वाटेला लावायचं नाही. तुमच्याकडे महिनाभर मीही तेच म्हणत खोकत होते.

एकही गोळी न चुकवणारी,
तुझी ताई

ता. क. आज खात्यात लिहून दिलं: तुमचा पत्ता, तिघांची नावं, माझी सही. छकुलीचं नाव सगळ्यात वर आहे.