झरमीनाच्या वाणाचा डबा

रविवार, परळ

आज चाळीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेली झरमीना आमच्या मंडळात हिंदी शिकते, म्हणून तिलाही बोलावलं. सावंतकाकू माझ्या कानाशी लागल्या, "अगो, हिच्या घोवाचो पत्तो नाय. सवाष्ण म्हणूची कशी?" नवरा तिकडेच हरवलाय हे खरं, पण असं विचारतात? डोकंच फिरलं माझं.

झरमीनाने कुंकवाला हसून नको म्हटलं. वाणाचा स्टीलचा डबा उघडून पाहत म्हणाली, "इसमें उनका टिफिन भरूँगी."

काकूंनी तो डबा तिच्या हातातून काढूनच घेतला. मी अडवायला उठले. तर बाईंनी तो तिळाच्या लाडवांनी गच्च भरून परत दिला नि हिंदीत म्हणाल्या,

"उनके लिए. बहुत दिन टिकते हैं."